छाटले, पण फुलले नाही

‘दर वर्षी माळ्याकडून शिरस्त्याने छाटणी करून घेतो, झाडेही चांगली हिरवीगार दिसतात, मग फुले का येत नाहीत?’ हा प्रश्न, ज्याच्या दारी चार फुलझाडे आहेत अशा जवळजवळ प्रत्येक गृहस्थाच्या तोंडी असतो. आणि थोडी अधिक विचारपूस केली म्हणजे असे आढळते, की तक्रार सगळ्या झाडांविषयी नसते. जास्वंद फुलते, तगर फुलते, रातराणीचे बहरामागून बहर येतात. रुसतात ती अनंत, पांढरा चाफा आणि अशीच एखाददुसरी झाडे. खत एकच, पाणी एकच, माळी एकच, कात्री एकच आणि छाटणीचा दिवसही एकच. या शेवटच्या गोष्टीतच सगळी गफलत आहे. फुलझाडांच्या छाटणीला सर्वांना लागू पडेल अशी एक तारीख नाही. प्रत्येक झाड आपले फूल कोणत्या वयाच्या फांदीवर आणि केव्हा तयार करते, यावरून त्याची तारीख ठरते. ही एवढी गोष्ट नीट समजली, तर पुढचे बहुतेक नियम पाठ करण्याची आवश्यकता उरत नाही.

नवख्या माणसाला आणखी एक धास्ती असते, की छाटल्याने झाड मरेल. ती बहुतांशी निराधार आहे. मुळे शाबूत असलेले निरोगी झुडूप बऱ्याच कठोर छाटणीतूनही पुन्हा फुटते. अवेळी छाटणीने बहुधा जे जाते, तो त्या वर्षीचा बहर असतो.

१. फांदीवरचा डोळा

जास्वंदीची वीतभर फांदी हातात घेऊन पाहावी. पान जेथे फांदीला चिकटते तेथे, पानाचा देठ आणि फांदी यांच्यामधल्या बेचक्यात, नखाच्या टोकाएवढा एक उंचवटा दिसतो. त्याला आपले शेतकरी ‘डोळा’ म्हणतात, आणि दोन डोळ्यांमधल्या अंतराला ‘पेर’. पान गळून गेले तरी डोळा जागच्या जागी राहतो. जुन्या फांदीवर पानाच्या देठाची अर्धचंद्राकृती खूण आणि तिच्या लगतच वर तो बारीक ठिपका सहज सापडतो. फांदीच्या अगदी टोकालाही एक डोळा असतो, आणि वाढीचे काम मुख्यतः तोच करतो.

प्रत्येक डोळ्यात एक संपूर्ण कोवळी फांदी घडी घालून ठेवलेली असते. काही डोळ्यांतून केवळ पालवी निघते. काहींच्या पोटात फुलाचा किंवा फुलोऱ्याचा सूक्ष्म आकार तयार झालेला असतो. ह्या दोहोंतला फरक बाहेरून बहुधा कळत नाही, आणि सबब कात्री चालविणाऱ्याला आपण पाने कापली की फुले कापली याचा पत्ता पुढील हंगामापर्यंत लागत नाही.

२. शेंड्याचा अंमल

फांदी सरळ वर वाढत असते तेव्हा तिच्या अंगावरचे बाकीचे डोळे निद्रिस्त का असतात? एकत्र कुटुंबात कर्ता पुरुष घरात आहे तोवर धाकटे भाऊ स्वतंत्रपणे काही करू धजत नाहीत, आणि तो दीर्घ प्रवासाला निघून गेला म्हणजे त्याच्या मागचे दोघे-तिघे एकदमच कारभार हाती घेतात. फांदीवरही जवळजवळ हीच व्यवस्था आहे. शेंड्याच्या कोवळ्या भागात ऑक्सिन नावाचे एक द्रव्य निर्माण होते, ते फांदीतून खाली उतरत राहते, आणि त्याच्या प्रभावाने खालचे डोळे दबून राहतात. वाढीचे काही नियमन शेंड्याकडून होते हे चार्ल्स डार्विन आणि त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून सूचित झाले होते. हॉलंडमध्ये फ्रिट्स वेंट यांनी १९२८ च्या सुमारास ओटच्या कोंबांमधून ते द्रव्य वेगळे मिळविता येते हे दाखविले. आणि पुढे पाचसहा वर्षांतच थिमन आणि स्कूग या दोघांनी शेंगवर्गातील एका रोपाचा शेंडा छाटून त्या कापल्या जागी ऑक्सिन लावले, तेव्हा शेंडा नसतानाही खालचे डोळे दबलेलेच राहिले. नंतरच्या संशोधनाने हे चित्र अधिक गुंतागुंतीचे झाले असून, मुळांकडून वर येणारी द्रव्ये आणि फांदीतील शर्करा यांचाही त्यात वाटा असल्याचे दिसून आले आहे; परंतु बागेपुरते पाहिले तर शेंडा छाटावा आणि त्याखालचे दोन-तीन डोळे जागे व्हावेत, हा अनुभव अबाधित आहे.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी, की आपण जेथे कापतो तेथेच, त्या कापाच्या लगत खाली, नवी फूट येते. जो माळी कुंपणाच्या मोठ्या कात्रीने झुडूप दर वेळी एकाच उंचीवर सपाट करतो, तो त्या उंचीवर दाट छप्पर निर्माण करतो. खालच्या भागात प्रकाश पोहोचत नाही, तेथली पाने गळतात, आणि काही वर्षांनी वर हिरवा टोप व खाली उघडी खोडे असे झाडाचे रूप होते. दुसरी अशी, की छाटणीचे दोन निरनिराळे प्रकार आहेत आणि त्यांचे परिणामही निरनिराळे आहेत. शेंडे खुडल्याने फांद्यांची संख्या वाढते. उलट संपूर्ण फांदी तिच्या उगमापासून काढली, म्हणजेच विरळणी केली, तर झाडाच्या पोटात ऊन आणि वारा शिरतो आणि बुडापासून नवी खोडे येण्यास वाव मिळतो. घरगुती बागांत पहिला प्रकार गरजेपेक्षा फार होतो, आणि दुसऱ्याची फार हयगय होते, असे माझे मत आहे. जुन्या झुडपाला विरळणीच तारते.

३. नवी काडी, जुनी काडी

आता मुख्य विषयाकडे येऊ. या बाबतीत सर्वांत उत्तम दाखला नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांचा आहे. तेथे वर्षातून दोन छाटण्या होतात. एप्रिलच्या सुमारास ओलांड्यावरच्या, म्हणजे वेलीच्या आडव्या खोडावरच्या, जवळजवळ सगळ्या काड्या एक-दोन डोळे राखून काढून टाकतात. तिला ‘खरड छाटणी’ म्हणतात, आणि तिच्यापासून फळाची अपेक्षा नसते. त्यानंतर ज्या नव्या काड्या वाढतात, त्यांच्या डोळ्यांमध्ये उन्हाळ्याच्या आणि पावसाळ्याच्या आरंभीच्या काळात अतिसूक्ष्म घड आकार घेतात. मग ऑक्टोबरच्या सुमारास ‘गोडी छाटणी’ होते. तिच्यात घड असलेले डोळे राखून काडीचा पुढचा भाग कापतात. कितव्या डोळ्यात घड आहे हे बागाईतदार अंदाजावर सोडत नाही. छाटणीपूर्वी काड्यांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतो आणि त्याप्रमाणे किती डोळे राखायचे ते ठरवितो. फळ दिसण्याच्या कित्येक महिने आधी त्याची तजवीज डोळ्यात झालेली असते, हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या हातून अवेळी कात्री चालत नाही.

फुलझाडांचेही असेच दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातली झाडे नवीन फुटलेल्या काडीवर, त्याच हंगामात, फूल देतात: गुलाब, मोगरा, जास्वंद, कण्हेर, रातराणी, पारिजातक. यांना बहराच्या आधी छाटले की नवी फूट येते आणि तिच्यावर फुले येतात. छाटणी हे यांच्या बाबतीत फुलांना दिलेले निमंत्रणच असते. दुसऱ्या वर्गातली झाडे मागच्या हंगामात वाढलेल्या काडीवर आधीच कळीची तयारी करून ठेवतात आणि योग्य ऋतू येताच फुलतात. अनंत हे त्याचे परिचित उदाहरण आहे. उन्हाळ्याची अखेर आणि पावसाळ्याचा आरंभ या काळात तो फुलतो. बहर ओसरताच छाटला तर पुढच्या बहरासाठी लागणारी काडी वाढायला त्याला भरपूर मुदत मिळते. हिवाळ्यात किंवा मार्च-एप्रिलमध्ये ‘साफसफाई’ म्हणून छाटला, तर तयारीतली काडीच कापली जाते आणि पावसाळा केवळ पालवीवर निघून जातो. पांढऱ्या चाफ्याची फुले फांदीच्या टोकातून निघतात. त्याचे बोथट शेंडे थंडीत पाने झडल्यावर निर्जीव वाटतात म्हणून कुणी कापले, तर त्या फांद्यांवर त्या उन्हाळ्यात बहुधा फूल येत नाही. कापलेल्या प्रत्येक फांदीला दोन-तीन नव्या फांद्या फुटतात खऱ्या, पण त्यांना फुलण्यासाठी पुढल्या हंगामापर्यंत थांबावे लागते. चाफ्याला आकारासाठी छाटणे भागच असेल, तर सगळ्या फांद्या एका वर्षी छाटू नयेत; निम्म्या या वर्षी, निम्म्या पुढल्या वर्षी.

आणि ज्या झाडाचे नावच ठाऊक नाही, त्याचे काय? बहर असताना फुलाच्या देठापासून मागे मागे बोट नेत जावे. काडी कोवळी, हिरवी, चालू हंगामात फुटलेली असेल तर झाड पहिल्या वर्गातले; फूल कठीण, करड्या सालीच्या काडीवर बसलेले असेल तर बहुधा दुसऱ्या. तरीही शंका राहिली, तर एका वर्षी झुडपाची एकच बाजू छाटावी आणि दुसरी तशीच ठेवावी. पुढच्या बहरात झाड स्वतःच निकाल देते. शंकेच्या प्रसंगी बहर संपताच छाटणे हा सर्वांत निर्धोक मार्ग होय.

४. गुलाब

गुलाबाचा विचार थोडा विस्ताराने करणे योग्य होईल, कारण जो गुलाब नीट छाटतो त्याला बाकीची झाडे जड जात नाहीत. आपल्या बागांतले बहुतेक कलमी गुलाब असे आहेत, की त्यांची प्रत्येक सशक्त नवी फूट शेवटी फुलावरच संपते. म्हणून छाटणीपासून फुलापर्यंतचा काळ बराचसा निश्चित असतो: साधारण सहा ते सात आठवडे, थंडी कडक असल्यास काही दिवस अधिक.

महाराष्ट्रात मुख्य छाटणी ऑक्टोबरमध्ये, पाऊस पूर्ण हटल्यावर करावी. पावसात केलेल्या कापातून बुरशी शिरते, फांदी टोकाकडून काळी पडत खाली मरत येते. आणि उलट हिवाळ्यात उमललेले फूल सावकाश वाढते, मोठे होते, त्याचा रंग टिकतो. जमिनीतल्या गुलाबांना छाटणीपूर्वी आठवडाभर पाणी तोडून किंचित ताण देतात; कुंडीतल्या झाडांना मात्र असा ताण सोसत नाही.

तारखेचा हिशेब पाहा. बारा ऑक्टोबरला छाटणी केली आणि पंचेचाळीस दिवस धरले, तर पहिली फुले सव्वीस नोव्हेंबरच्या आसपास येतात. ती फुले लांब दांड्यासह पाच डिसेंबरपर्यंत कापून घेतली, तर थंडीमुळे पुढच्या फुटीला पन्नास दिवस लागतील असे धरून दुसरा बहर चोवीस जानेवारीच्या सुमारास येतो. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये प्रजासत्ताकदिनाच्या आगेमागे पुष्पप्रदर्शन भरते, त्यासाठी गुलाब वाढविणारे लोक अशाच रीतीने तारखा मागे मोजत येतात.

आता प्रत्यक्ष कृती. प्रथम मेलेल्या, रोगट, पेन्सिलीहून बारीक आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या मुळापासून काढाव्यात, म्हणजे खरोखर विचार कोणत्या फांद्यांचा करायचा ते स्पष्ट दिसू लागते. चार ते सहा जोमदार खोडे राखावीत, आणि ती गुडघ्याएवढ्या, म्हणजे सुमारे ४५ ते ६० सेंटिमीटर उंचीवर छाटावीत. काप ज्या डोळ्याच्या वर घ्यायचा तो डोळा झाडाच्या बाहेरच्या बाजूला तोंड करून असावा. म्हणजे नवी फांदी बाहेर वाढेल आणि मधला भाग मोकळा राहील. डोळ्याच्या वर पाच-सहा मिलिमीटर जागा सोडून, डोळ्याच्या विरुद्ध दिशेला उतार ठेवून तिरका काप द्यावा, जेणेकरून दवाचे पाणी डोळ्यावर न साठता मागे निथळेल. याहून लांब खुंट सोडला तर तो वाळतो आणि कुज खाली आणतो. याहून जवळ कापले तर डोळाच सुकतो. कापलेला भाग उन्हात धरून पाहावा: आतला गाभा हिरवट पांढरा असेल तर फांदी निरोगी आहे, तपकिरी असेल तर पुढच्या डोळ्यापर्यंत आणि जरूर तर त्याच्याही पुढे, स्वच्छ गाभा लागेपर्यंत खाली यावे. छाटणीतली ही सर्वांत महत्त्वाची पाहणी बहुतेक लोक करीतच नाहीत.

कलमाच्या सांध्याखालून निघालेली फूट ही खुंटाची, म्हणजे रानगुलाबाची असते. ती वरून कापली तर दुप्पट जोराने येते. माती बाजूला करून ती जेथून निघाली तेथूनच ओढून काढावी. सांध्याच्या वरून निघालेली लालसर, जाड, वेगाने वाढणारी फूट मात्र कलमाचीच असते आणि पुढच्या वर्षीचे उत्तम खोड तिच्यातूनच होते, तेव्हा तिला हात लावू नये. वेलगुलाबाची लांब खोडे छाटू नयेत. ती आडवी वाकवून बांधावीत. शेंडा वर नसला की त्याचा अंमल ढिला पडतो, लांबीभर डोळे जागे होतात, आणि एका टोकाऐवजी सगळी फांदी फुलते.

५. मोगरा, जुई, कुंद

मोगऱ्याची फुले नव्या फुटीच्या टोकाला, बहुधा तीन-तीनच्या झुपक्यात येतात. म्हणून जितक्या नव्या फुटी तितके गजरे. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-विक्रमगड भागातले जे शेतकरी दादरच्या फुलबाजारात मोगरा पाठवितात, त्यांची सारी मिळकत या एका नियमावर उभी आहे. पावसाळ्यानंतर पाणी तोडून झाडाला विश्रांती द्यावी, डिसेंबर-जानेवारीत झुडूप जमिनीपासून सुमारे ४५ ते ५० सेंटिमीटरवर छाटावे, आळे खणून शेणखत द्यावे आणि मग पाणी सुरू करावे. उन्हाळ्याची चाहूल लागते तशा कळ्या दिसू लागतात. प्रत्येक बहरानंतर फुललेले शेंडे दोन-तीन डोळे खाली येऊन कापले, तर पुढचा बहर लवकर येतो. बटमोगरा असो वा मदनबाण, ही गोष्ट सारखीच लागू आहे. पाने गळून मोगरा काटक्यांसारखा दिसू लागला म्हणजे घरातली माणसे घाबरून त्याला पाणी घालतात. त्या विश्रांतीत व्यत्यय आणू नये.

जुईचीही हीच रीत. कुंदाची मात्र निराळी: तो थंडीत फुलतो, म्हणून मोगऱ्याबरोबर डिसेंबरात छाटला तर ऐन बहर कापला जातो. त्याची कात्री फेब्रुवारी-मार्चात.

६. जास्वंद आणि इतर

जास्वंदीला आपल्याकडे जवळजवळ वर्षभर फुले येतात, आणि घरच्या पूजेला ती रोज लागतात, सबब तिची एकदम सगळी छाटणी कुणाला परवडत नाही. उपाय सोपा आहे. एक तृतीयांश फांद्या आज छाटाव्यात, तीन आठवड्यांनी पुढच्या तृतीयांश, आणि तितक्याच अंतराने उरलेल्या. फुले कमी होतील, पण थांबणार नाहीत. कापापासून फुलापर्यंत आठ ते दहा आठवडे लागतात असे धरले, तर सप्टेंबरच्या पूर्वार्धात येणाऱ्या गणेशचतुर्थीला भरपूर फुले हवी असल्यास जूनच्या अखेरीस छाटणी झालेली असावी. पिठ्या ढेकणाने कापसासारखे पांढरे झालेले शेंडे कापून पिशवीत बंद करावेत. झाडाखाली टाकून दिले तर कीड परत वर चढते.

पारिजातक पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि शरदात फुलतो. त्याच्या चपट्या बिया वाळून गेल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत छाटावा. बोगनवेल उन्हाळ्यातला रंग ओसरताच जोरात छाटावी, आणि पावसात सुटलेले लांब फोक पाऊस संपताना पुन्हा आखूड करावेत. त्यानंतर पाणी बेताचेच द्यावे. रातराणी प्रत्येक बहरानंतर एक तृतीयांशाने कमी केली तरी चालते. कण्हेर छाटताना हातमोजे घालावेत, कारण तिचा रस विषारी आहे. तिच्या फांद्या शेकोटीत जाळू नयेत, धूरही अपायकारक असतो, आणि गुराढोरांच्या तोंडी लागतील अशा जागी त्या टाकूही नयेत.

७. हत्यार आणि जखम

बोटाच्या जाडीपर्यंतच्या फांद्यांना ज्याची दोन पाती एकमेकांजवळून सरकत जातात असे सिकेटर वापरावे, आणि धारदार पाते झाडावर राहणाऱ्या भागाकडे ठेवावे, म्हणजे चेंगरलेला भाग कापून पडणाऱ्या तुकड्यावर जातो. त्याहून जाड खोडाला करवत. कोयत्याच्या घावाने साल फाटते, ती लवकर भरत नाही. एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाताना पाती स्पिरिटने पुसावीत. रोगट झाडानंतर तर अवश्य.

जाड कापांवर बोर्डो मलम लावतात. घरगुती बेतासाठी १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये भिजवून, नंतर दोन्ही ढवळत एकत्र करावेत. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची असावीत, कारण मोरचूद लोखंडाला खातो. तयार मिश्रणात चकचकीत सुरी क्षणभर बुडवून पाहावी. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे असे समजून तो आणखी घालावा. मलम त्याच दिवशी वापरावे.

छाटणीनंतर लगेच पाण्याचा मारा करू नये. पाने नसलेले झाड पाणी कमी पिते, आणि माती चिखलासारखी राहिली तर मुळे कुजतात. डोळे फुगू लागले, की खत आणि पाणी दोन्ही वाढवावे.

शेवटी गृहरचना संस्थांच्या चिटणीसांना आणि शाळा-दवाखान्यांच्या आवारांची देखभाल पाहणाऱ्यांना एक विनंती आहे. छाटणीचा ठेका वर्षातून एकदा, एकाच दिवसाचा, देऊ नये. माळ्याला मजुरी तेवढीच द्यावी, परंतु ती चार खेपांत विभागावी: गुलाबासाठी ऑक्टोबर, मोगरा-जुईसाठी डिसेंबरची अखेर, पारिजातक आणि कुंदासाठी फेब्रुवारी, आणि बोगनवेल, जास्वंद व अनंतासाठी जून-जुलै, त्यातही अनंताला त्याचा बहर सरल्यावरच हात लावावा, आणि आवारातल्या प्रत्येक झाडाचे नाव व महिना लिहिलेला एक कागद माळ्याच्या हाती द्यावा.